पांढरीच्या वाटेने

आपल्याकडे गावाची जमीन दोन रंगांत वाटलेली आहे. पिकते ती काळी आणि माणसे राहतात ती पांढरी. पाटलाला काळी-पांढरीचा धनी म्हणण्याची चाल होती ती यावरूनच. काळीचा रंग कशाने आला हे शेतकऱ्याच्या लहान पोरालाही ठाऊक असते. पांढरी मात्र पांढरी का, हे पुष्कळ शिकलेल्यांनाही सांगता येत नाही. उत्तर साधे आहे. चुलीतली राख, गोठ्यातले शेण, पडक्या भिंतींची माती, जात्याभोवती सांडलेले पीठ, फुटलेली मडकी असे पिढ्यान्‌पिढ्यांच्या संसाराचे सगळे उरलेसुरले एकावर एक साचत जाते. मातीचे घर पडते, त्याच मातीवर दुसरे उभे राहते आणि गाव आपल्या नकळत वर वर चढत जाते. कधी पूर येतो, कधी रोगाची साथ येते, कधी नुसताच दुष्काळ. गाव उठून दुसरीकडे बसते. मागे राहते ते एक उंच, राखट रंगाचे टेकाड.

आमचे सोनपेठ परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या खोऱ्यात आहे. या खोऱ्यात अशा टेकाडांना तोटा नाही. पांढरीची माती कसदार असते, म्हणून मराठवाड्यातले शेतकरी ती पूर्वी गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकीत. आजही ट्रॅक्टरने नेतात. सातवाहनांच्या काळातल्या एखाद्या गृहिणीच्या चुलीची राख अशी आजच्या कापसाच्या मुळाशी जाऊन पडते. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांना या गोष्टीचे दुःख होते आणि ते रास्त आहे. पण तो विषय वेगळा. आज मला सांगायचे आहे ते पांढरीवर वाकलेल्या माणसांबद्दल आणि त्यांच्या मनाबद्दल.

पांढरीवर वाकणारी माणसे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. हा गुप्तधन शोधणारा. त्याच्या आज्याला कुणीतरी सांगितलेले असते की अमुक लिंबाखाली हंडा आहे. मग पायाळू माणसाचा शोध सुरू होतो, कारण पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतले धन दिसते असा समज. मग अमावास्या, मग मांत्रिक, मग कोंबडे, आणि काही ठिकाणी याहून भयंकर गोष्टी. शेवटी २०१३ साली महाराष्ट्राला जो जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्यात गुप्तधनासाठी चालणाऱ्या अघोरी प्रकारांचाही समावेश करावा लागला. अशा माणसाला झोप नसते. दिवसा तो शेजाऱ्याकडे संशयाने पाहतो आणि रात्री कुदळ घेऊन निघतो. खणताना खापरे लागतात, मणी लागतात, भाजलेल्या विटा लागतात, ते सारे तो चिडून बाजूला फेकतो. त्याला हवा असतो हंडा. तो काही निघत नाही आणि घरात होते नव्हते तेवढे जाते.

दुसऱ्या प्रकारचा माणूसही तीच माती उकरतो. पण त्याच्या हातात कुदळीऐवजी लहानशी थापी आणि ब्रश असतो, आणि पहिल्याने फेकलेले खापर हा उचलून उन्हात धरतो. ते चाकावर घडवले की हातावर, आव्यात नीट भाजले की कच्चे राहिले, कोणत्या थरात मिळाले, त्याच्या शेजारी काय पडले होते, हे सारे तो वहीत लिहून ठेवतो. त्याच्या लेखी वस्तूची अर्धी किंमत ती जिथे पडली त्या जागेत असते. सोन्याचा मणी जागा न नोंदता उचलला तर तो नुसता मणी, आणि काळे-तांबडे खापर जागच्या जागी नोंदले तर तो पुरावा. म्हणून याचा दिवस सहसा रिकामा जात नाही. संध्याकाळी तो दमून घरी येतो, जेवतो आणि झोपतो.

माती एक, वाकणेही एक. मग एकाची झोप का उडते आणि दुसऱ्याला ती का लागते? हा प्रश्न मला गेले वर्षभर पडला आहे आणि त्याचे कारण एक मुलगा आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरातला हा मुलगा. नाव सांगत नाही. पदवी चांगल्या गुणांनी घेतली, मग स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यास गेला. खोलीचे भाडे, खानावळ, वाचनालयाची वर्गणी असा चार वर्षे घरचा पैसा गेला. दोनदा यश अगदी हाताशी येऊन निसटले. मग तो परत आला आणि खोलीत बसला. बाजाराच्या दिवशी त्याची आई मला रस्त्यात भेटली. पिशवी खाली ठेवून म्हणाली, “सर, लेकरू बोलंना झालंय. भाकर खातंय, पण चव लागत नाही म्हणतंय. रात्री पाहावं तर डोळे उघडे. तुम्ही मराठी शिकवता, तुमच्या पुस्तकात यावर काही असेल तर सांगा.”

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक किती विश्वासाने येतात, हे पाहून मला दर वेळी संकोच वाटतो. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की त्याला आधी डॉक्टरांकडे न्या. मनाचे दुखणे हेही दुखणेच आहे, त्यात लपवण्यासारखे काही नाही. दुसरी गोष्ट मी जरा चाचरतच सांगितली. शेजारच्या एका गावात काही तरुण मंडळी रविवारी जुन्या बारवेतला गाळ काढायला जमतात. त्याला तिकडे धाडून पाहा. “गाळ काढायला?” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून तिला हा उपाय पहिल्याहून कमी पसंत पडला होता, हे उघड दिसत होते. एम.ए. झालेल्या मुलाने गाळ काढायचा म्हणजे काय!

हा सल्ला माझ्या डोक्यातून निघालेला नव्हता. इंग्लंडमध्ये २०११ साली तिथल्या संरक्षण खात्याने एक उपक्रम सुरू केला. त्याला त्यांनी ‘नाइटिंगेल’ हे त्या प्रसिद्ध परिचारिकेचे नाव दिले. अफगाणिस्तानच्या लढाईतून परतलेले सैनिक, कुणाचे शरीर जायबंदी, कुणाचे मन. त्यांना सॉल्सबरीच्या माळावर उत्खननाच्या कामावर नेण्यात आले. त्या माळावर पुरातन अवशेषही आहेत आणि लष्कराचे सरावाचे मैदानही. तिथे एका प्राचीन टेकाडात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची दफने निघाली. त्यांत ढाली-भाल्यांसह पुरलेले पुरुष होते. आजच्या सैनिकाने कालच्या सैनिकाच्या अंगावरची माती ब्रशने हळूहळू बाजूला करायची, असे ते काम. बरोबरच्या पुरातत्त्वज्ञांच्या ध्यानात आले की ही माणसे या कामात चांगली रुळतात. जमिनीची उंचसखल ओळखणे, नकाशा वाचणे, चिखलात तासन्‌तास न कुरकुरता काम करणे, हे त्यांना आधीपासूनच येत होते. ज्या अंगच्या गुणांचा आता काही उपयोग नाही असे त्यांना वाटू लागले होते, त्यांना पुन्हा काम मिळाले.

पुढे २०१५ साली, वॉटर्लूच्या लढाईला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, त्या रणभूमीवरही असेच काम सुरू झाले. नेपोलियनचा जेथे शेवटचा पराभव झाला, त्या मैदानावर माजी सैनिक आणि पुरातत्त्वज्ञ मिळून उत्खनन करू लागले. २०१९ साली तिथल्या एका शेतघराजवळ, जिथे लढाईच्या वेळी जखमींचे इस्पितळ होते, कापून काढलेल्या पायांची हाडे सापडली. जो स्वतः युद्धातून घायाळ होऊन आला आहे, त्याला ती हाडे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना आपण घरात बसून करू नये. पण ते लोक खणायचे थांबले नाहीत, एवढे खरे. सैनिकांखेरीज साध्या नागरिकांसाठीही असे प्रयत्न झाले. स्टोनहेंजच्या प्रचंड शिळांच्या परिसरात २०१६ ते २०१८ या काळात मनाच्या दुखण्याने ग्रासलेल्या लोकांचे लहान लहान गट जाणकारांबरोबर फिरवण्यात आले. तिथे खणायचे नव्हते. चालायचे, पाहायचे, ऐकायचे आणि एकमेकांशी बोलायचे, एवढेच.

आता कुणी म्हणेल, हे सारे साहेबाच्या देशातले. आपल्याकडे काय? आपल्याकडे याला कुणी उपक्रमाचे नाव दिले नाही, पण माणसे होऊन गेली आहेत. पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर चष्म्यांच्या धंद्यात होते. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा त्यांना घरातल्या वस्तूंचे वेड अधिक. दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, करंडे, दरवाजे. पत्नी कमलाबाई या वेडात त्यांच्या बरोबरीने होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव आहे ते या मुलाचे. पुष्कळांना वाटते की ‘राजा’ ही केळकरांची पदवी असावी. १९६२ साली संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ साली केळकरांनी तो हजारो वस्तूंचा संसार महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. ९४ वर्षांचे आयुष्य जगून ते १९९० साली गेले. त्यांच्या दुःखाचे काय झाले हे सांगायचा अधिकार मला नाही. पण गेलेल्या मुलाच्या नावाने दुसऱ्यांच्या पोरांची खेळणी आणि दुसऱ्यांच्या बायकांचे पोळपाट जपून ठेवणे, यात मला फार मोठे शहाणपण दिसते.

आमच्या मराठवाड्यातले तेर घ्या. धाराशिव जिल्ह्यातले हे गाव म्हणजे जुने तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल समुद्रापार जात असे. रामलिंगप्पा लामतुरे हे इथले व्यापारी गृहस्थ. पुरातत्त्वाच्या पदव्या त्यांच्यापाशी नव्हत्या. तेरच्या पांढरीत मिळालेले मणी, मातीच्या मूर्ती, नाणी, शंखाच्या बांगड्या ते वर्षानुवर्षे जमवीत राहिले. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरला आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहायला परदेशचे पंडित येतात, कारण तिच्याच जातकुळीची दुसरी मूर्ती १९३८ साली थेट इटलीत पाँपेई शहराच्या राखेतून निघाली. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या छंदाने आपल्या गावाचे नाते पाँपेईशी जुळलेले दिसले. आणि तेर हे गोरोबाकाकांचेही गाव आहे, हे वारकरी घरांत सांगायला नको. चिखल तुडवता तुडवता पोटचे मूल पायाखाली आले त्या कुंभाराची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. माती आणि शोक यांची गाठ आपल्या परंपरेला काही नवी नाही.

या गाठीची सर्वांत जुनी खूण मला ठाऊक आहे ती नेवाशाची. ज्ञानदेवांचे नेवासे ते हेच. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरेच्या काठी तिथले टेकाड खणले. खालच्या थरांत तीन हजार वर्षांहून जुनी, तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरणाऱ्या लोकांची वस्ती निघाली. या लोकांची लहान मुले दगावत, तेव्हा त्यांना गावाबाहेर नेत नसत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यांत मुलाला निजवायचे आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे. पुढे १९६८ पासून शिरूर तालुक्यातल्या इनामगावला जे मोठे उत्खनन झाले, तिथेही हीच रीत दिसली. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याचा गंज लागून लागून माळेचा दोरासुद्धा थोडासा टिकून राहिला. तपासणीत त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही आढळले.

हा दोरा मी वर्गात नेहमी सांगतो. करुणरस शिकवताना व्याख्या सांगून जे होत नाही, ते या दोऱ्याने होते. तीन हजार वर्षांपूर्वी तांबे स्वस्त नव्हते. गेलेल्या लेकराच्या गळ्यातून ती माळ काढून घेणे व्यवहाराला धरून झाले असते. कुणीतरी ती काढली नाही. त्या बाईचे नाव, तिची भाषा, तिचा देव, यांतले काहीच आपल्याला माहीत नाही. तिने त्या वेळी काय केले एवढे मात्र माहीत आहे, आणि ते पाहताच आपण तिला ओळखतो.

दुःखात बुडालेल्या माणसाला आपण सांत्वनाला जातो, तेव्हा दोनच गोष्टी सांगतो. एक, हेही दिवस जातील. दुसरी, तुझ्याहून मोठी दुःखे जगात आहेत. दुसऱ्या वाक्याने कुणाचे सांत्वन झालेले मी अजून पाहिलेले नाही. उलट आपले दुःख लहान ठरले म्हणून माणूस अधिकच आत मिटतो. पांढरी तसे काही म्हणत नाही. तुझ्यासारखीच माणसे याच जागी होती, ती हरली, रडली, सकाळी उठून त्यांनी पुन्हा चूल सारवली, एवढेच ती दाखवते. सारवलेल्या जमिनीचे थरावर थर उत्खननात स्पष्ट दिसतात. ज्या घराच्या पोटात लेकराला पुरले, त्याच घराची जमीन पुन्हा सारवलेली.

आता आमच्या त्या मुलाकडे वळू. परभणी जिल्हा बारवांसाठी प्रसिद्ध आहे. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जुन्या देवळांबरोबर बारवा आहेत. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव तर पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात म्हणून लांबून लोक पाहायला येतात. मधल्या काळात नळ आले, विंधनविहिरी आल्या आणि बारवांचे उकिरडे झाले. २०२० पासून रोहन काळे यांनी महाराष्ट्रभरच्या बारवांची नोंद करण्याची मोहीम चालवली. गावोगावच्या तरुणांनी श्रमदानाने बारवा मोकळ्या केल्या आणि महाशिवरात्रीला त्यांच्या पायऱ्यांवर दिवे लागू लागले. वालूरची बारवही गावकऱ्यांनी अशीच मोकळी केली. हा मुलगा अशाच एका बारवेवर जाऊ लागला. पहिले दोन रविवार आईच्या आग्रहाने गेला, तिसऱ्या रविवारी स्वतः उठून गेला.

एकदा मीही तिथे गेलो. तो घमेले बाजूला ठेवून वर आला. कशी चालली आहे कामगिरी, विचारले. म्हणाला, “सर, चार वर्षं अभ्यास केला, पण संध्याकाळी कुणाला दाखवावं असं काहीच हाती नसायचं. इथं रोज एक तरी पायरी मोकळी झालेली दाखवता येते.” मग त्याने मला काठाच्या एका दगडापाशी नेले. दोराने पाणी शेंदून शेंदून त्या काळ्या दगडावर खोल खाचा पडल्या होत्या. एका खाचेत त्याने बोट ठेवले. बोट अर्धे आत गेले. “किती बायांनी पाणी शेंदलं असंल, सर? आन् एकीच्या एका खेपेनं तर इथं ओरखडासुद्धा उठला नसंल.” एवढे बोलून तो पुन्हा खाली उतरला. त्या मुलाच्या तोंडून मी सहा महिन्यांत ऐकलेली ही पहिली लांब वाक्ये.

मला माझ्या प्रश्नाचे उत्तर तिथे थोडेसे सापडले. गुप्तधनवाला उद्याच्या हंड्यासाठी आजचा दिवस जाळतो. बारवेवरचा मुलगाही चार वर्षे एकाच हंड्याची वाट पाहत होता. तो हंडा मोठा प्रतिष्ठित होता, त्याला शासकीय मोहोर होती, इतकाच काय तो फरक. बारवेच्या कामात त्याला हात मिळाले, सोबत मिळाली आणि काळाचे वेगळे माप मिळाले. परीक्षेच्या वर्षाने मोजलेला माणूस लवकर संपतो. दगडावरच्या खाचांनी मोजला तर त्याच्यापुढे पुष्कळ दिवस उरतात.

वाचकांनी मात्र यावरून भलता अर्थ काढू नये. हे औषधाच्या जागी घेण्याचे औषध नव्हे. त्या मुलाचे डॉक्टर चालू आहेत, गोळ्याही चालू आहेत, आणि नोकरी अजून लागलेली नाही. ज्याच्या घरी असे माणूस असेल त्याने प्रथम डॉक्टरांकडेच जावे. शासनाने २०२२ पासून ‘टेली मानस’ नावाची विनामूल्य दूरध्वनी सेवाही ठेवली आहे, तिचा क्रमांक १४४१६. गाळ काढणे त्याच्या जोडीला. जेवणाबरोबर लोणचे असावे तसे म्हणा हवे तर. पण लोणच्यावाचून चव येत नाही, हेही मराठी घरांना सांगायला नको.

आणखी एक सूचना. हा लेख वाचून कुणी कुदळ घेऊन टेकाडावर निघू नये. उत्खननाला परवाना लागतो. शिवाय जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू मिळाली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, असा १८७८ सालचा कायदा आहे. दहा रुपयांचे मोल तेव्हाचे, कायदा मात्र अजून तोच. पुरातत्त्वात न खणता करण्याजोगे पुष्कळ असते. सुटीत मुलाबाळांसह तेरला, पैठणला, नाहीतर पुण्याच्या केळकर संग्रहालयात जावे. आपल्याच गावची बारव, वेस, वीरगळ, देवळामागे पडलेला कोरीव दगड पाहावा, त्याचे मोजमाप घ्यावे, वहीत काढावा, गावातल्या म्हाताऱ्यांना त्याची हकीकत विचारावी. घरात कुणी उदास बसलेले असेल तर वही त्याच्याकडे द्यावी. फीत धरायला दुसरे माणूस लागतेच, त्यामुळे त्याला एकट्याला बसून राहता येणार नाही.

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. त्यांना माती आणायला पाठवाल तेव्हा एकदा बरोबर जा. त्या मातीत एखादे खापर निघेलच. ते फेकून न देता बाजूला ठेवा आणि रात्री कुंभाराकडून आणलेल्या पणतीशेजारी धरून पाहा. चाकाच्या रेघा दोन्हींवर सारख्याच दिसतील. सण सरला की आपल्या पणत्याही फुटतील, उकिरड्यावर जातील आणि यथावकाश पांढरीला मिळतील. तेव्हा त्या उचलणाऱ्याला आपले नाव कळणार नाही. इथल्या घरात कुणीतरी दिवा लावला होता, हे मात्र कळेल.